भरल्या ताटावरची उपाशी ब्लूबेरी

पत्राचा सारांश: न्यू जर्सीच्या सॉमरसेट काउंटीत राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. २०१८च्या वसंतात त्यांचे सासरे कराडजवळच्या गावाहून सहा महिन्यांसाठी आले होते. जन्मभर ऊस पिकवलेला माणूस, इथे हाताला काम नाही, म्हणून त्यांनी घराच्या दक्षिण भिंतीलगत ब्लूबेरीची पाच झुडपं लावली. तीन-चार उन्हाळे आधी वाडगाभर, मग पातेलंभर फळं आली. त्यानंतर दरवर्षी पानं पिवळी पडत गेली. पन्हळीच्या पाइपाशेजारचं झुडूप मागच्या वर्षी वाळलं, दुसऱ्या एकाच्या दोन फांद्या या जुलैत अचानक करपल्या आणि उरलेली तीन “जगतायत एवढंच”. ताईंनी हयगय केलेली नाही. दर वसंतात शेणखताच्या पिशव्या, वर्षभर अंड्यांची टरफलं, चहा-कॉफीचा चोथा, शिवाय हिवाळाभर साठवलेली फायरप्लेसची राख. यजमान म्हणतात, उपटून टाक, दुकानात डबा मिळतो. सासरे दर रविवारी व्हिडिओ कॉलवर झाडांची चौकशी करतात आणि ताई त्यांना जुने फोटो पाठवतात. त्या विचारतात: “परदेशी झाड, परकी माती, त्यात माझ्या हाताला गुण नाही. काय फवारू म्हणजे वाचतील? की आता उपटूनच टाकू?”

प्रिय ताई,

तुम्ही पाठवलेल्या चार फोटोंपैकी तिसरा मी पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला. शेंड्याचं कोवळं पान पिवळंधमक, आणि त्यावर हिरव्या शिरांची जाळी. खालची जुनी पानं त्यामानानं हिरवी. हे पान कराडकडच्या कुठल्याही ऊसवाल्यासमोर धरा, तो चष्मा न लावता सांगेल: केवडा. चुनखडीच्या रानात उसाची कोवळी पानं केवड्याच्या पातीसारखी पिवळी-पांढरी पडतात, ते हेच दुखणं. म्हणजे गंमत बघा, ज्या माणसापासून तुम्ही झाडांची अवस्था लपवताय, तोच तुमच्या ओळखीतला या दुखण्याचा सगळ्यात जुना जाणकार आहे. त्याकडे शेवटी येते. आधी झाडाकडे.

केवडा म्हणजे लोहाची कमतरता. हे ऐकल्यावर कुणीही म्हणेल, मग लोह घाला. पण तुमच्या भागातली तांबडी माती तांबडी कशानं झालीय? लोहानंच. त्या मातीत लोह भरपूर आहे, झाडाला ते घेता येत नाही. भरल्या ताटावर बसवलंय आणि तोंड बांधून ठेवलंय, अशी अवस्था. मातीचा सामू, म्हणजे पीएच, वर चढला की लोह न विरघळणाऱ्या रूपात जाऊन बसतं. टोमॅटो, मिरची, गुलाब सहा-साडेसहाच्या सामूला खुशीत असतात. ब्लूबेरीला लागतो साडेचार ते पाच, फार तर साडेपाच. आकड्यांत हे अंतर किरकोळ दिसतं. पण सामूची पट्टी दहाच्या पटीत चालते. साडेसहाची माती साडेचारच्या मातीपेक्षा शंभर पटीनं कमी आंबट असते.

आता तुमच्या यादीकडे येते, आणि हे वाचताना वाईट वाटून घेऊ नका. अंड्याचं टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, जे चुनखडीत असतं तेच. टरफलं निदान सावकाश कुजतात. लाकडाची राख पहिल्या पावसातच कामाला लागते आणि ती चांगलीच अल्कधर्मी असते. आपल्या आज्या राखेनं भांडी घासायच्या ते उगाच नाही. पिशवीतल्या शेणखतात क्षार असतात, आणि त्याचा सामू बहुतेक वेळा सातच्या आसपास किंवा वर. चहाच्या चोथ्याबद्दल माझी तक्रार नाही. कॉफीच्या चोथ्यानं माती आंबट होते हा समज फार पसरलाय, पण आंबटपणा बराचसा तुमच्या कपात उतरलेला असतो, चोथा जवळजवळ उदासीन उरतो. थोडक्यात, झाड पिवळं पडलं म्हणून तुम्ही दरवर्षी जास्त मायेनं त्याला चुना भरवत होतात, आणि ते जास्त पिवळं पडत होतं.

यात तुमच्या हाताचा दोष मला दिसत नाही. “पिवळं म्हणजे उपाशी, उपाशी म्हणजे खत” हे आपल्याकडचं बाळकडू आहे, आणि मेथी-कोथिंबिरीपासून जास्वंदीपर्यंत ते बहुतेकदा खरंही ठरतं. ब्लूबेरी त्या जातकुळीतली नाही. तिच्या मुळांना आपल्या नेहमीच्या झाडांसारखे मूलरोम नसतात. केसासारखी बारीक मुळं वरच्या फूटभर मातीतच पसरतात आणि एका खास बुरशीच्या सोबतीनं अन्न मिळवतात. गरिबीत वाढलेलं झाड आहे हे. पंक्तीचं जेवण त्याला सोसत नाही.

शिवाय भिंत. दक्षिणेचं ऊन, वाऱ्याचा आडोसा, अशी जागा सासऱ्यांनी हेरली ती शेतकऱ्याच्या नजरेनं बरोबरच होती. पण घराचा पाया काँक्रीटचा. त्यातून पावसागणिक थोडा थोडा चुना झिरपत राहतो. बांधकामाच्या वेळी पायाभोवती भरलेली माती बहुधा खालच्या थरातली, घट्ट, कधीकधी सिमेंटचे तुकडे मिसळलेली असते. “मग पहिली तीन-चार वर्षं कशी आली?” असं तुम्ही मनात म्हणत असाल. तुम्हीच लिहिलंय की लावताना खड्ड्यात पीट मॉसची (दलदलीतल्या वाळल्या शेवाळाच्या चुऱ्याची) अख्खी पिशवी ओतली होती. नर्सरीच्या कुंडीतली माती आणि ते पीट, दोन्ही आंबट. मुळं त्या खड्ड्यात होती तोवर माहेरपण चाललं. खड्ड्याबाहेर पाऊल टाकलं आणि सासर लागलं. (हा विनोद तुमच्या सासऱ्यांच्या वाटेला जाऊ देऊ नका.)

आता “परदेशी झाड, परकी माती” या वाक्याबद्दल. ताई, परदेशी तुम्ही-आम्ही. ही ब्लूबेरी अस्सल इथली. तुमच्या घरापासून दक्षिणेला सव्वा-दीड तासावर पाइन बॅरन्सचं जंगल सुरू होतं. पांढरी वाळू, खाली काळं पाणी, वर पाइनचा पाचोळा. त्या निकस, आंबट जमिनीत ती आपणहून उगवते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत लोक जंगलात जाऊन ब्लूबेरी वेचायचे. शेतात ती लागत नाही असंच मानलं जायचं. कारण लोक ती लावायचे चांगल्या, कसदार, खत घातलेल्या बागेत, तुमच्यासारखेच. फ्रेडरिक कोव्हिल नावाच्या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञानं १९१० मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि सांगितलं की या झाडाला आंबट माती लागते, सुपीक बागेत ते मरतं. ते वाचून न्यू जर्सीतल्या व्हाइट्सबॉगच्या एलिझाबेथ व्हाइट यांनी त्यांना पत्र लिहिलं. या बाईंच्या घरची क्रॅनबेरीची शेती होती. त्यांनी पंचक्रोशीतल्या लोकांना मोठ्या फळाची रानटी झुडपं शोधून आणायला पैसे दिले, फळ मोजायला माप दिलं, आणि झुडपाला शोधणाऱ्याचं नाव ठेवलं. रूबेल ही जात रूब लीक नावाच्या माणसावरून आली, आजही ती नर्सरीत मिळते. १९१६ मध्ये त्यांनी लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात नेलं. व्हाइट्सबॉग आजही पाहता येतं. एखाद्या रविवारी जाऊन या, आणि तिथली वाळू मुठीत घेऊन बघा. आपल्या दारच्या वाफ्यात काय चुकलं ते पुस्तकाशिवाय कळतं.

पण सगळ्या पाच झुडपांचं दुखणं एकच असेल असं मी धरून चालणार नाही, तुम्हीही चालू नका.

पन्हळीच्या पाइपाशेजारचं जे गेलं, ते बहुधा केवड्यानं गेलं नाही. चिकण माती आणि वर छपराचं सगळं पाणी. ब्लूबेरीला ओलावा हवा पण पाय बुडालेले चालत नाहीत. साचलेल्या पाण्यात मुळं कुजवणारी बुरशी वाढते, आणि तिची वरची लक्षणंसुद्धा पिवळेपणा आणि खुंटलेली वाढ हीच असतात, म्हणून फसगत होते. त्याचा बुंधा अजून जमिनीत असेल तर उकरून मुळं बघा. निरोगी मुळं फिकट तपकिरी आणि चिवट असतात. काळी पडलेली असतील आणि बोटानं साल सुटून येत असेल तर कूज समजा, आणि त्या जागी पुन्हा ब्लूबेरी लावू नका.

ज्याच्या दोन फांद्या जुलैत एकाएकी करपल्या आणि वाळकी पानं तशीच लटकत राहिली, तिथे मला खोडाच्या करप्याचा संशय आहे. फांदी आडवी कापा. आतला भाग एका बाजूनं तपकिरी दिसला तर खाली खाली कापत जा, स्वच्छ पांढरं-हिरवं लाकूड लागेपर्यंत, आणि त्याखालीही सहा-आठ इंच. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटनं पुसा. कापलेलं कंपोस्टमध्ये टाकू नका, कचऱ्यात जाऊ द्या. हे काम मार्चपर्यंत थांबवू नका, या आठवड्यात कोरडा दिवस बघून करा.

आणखी काही ओळखी सांगून ठेवते, कारण अशी पत्रं मला इतरांचीही येतात. पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांवर, कडांनी लालसर आणि मधे हिरवा त्रिकोण उरलेला असेल तर मॅग्नेशियम कमी. सगळं झाड फिक्कट, पानं लहान, वाढ मंद असेल तर नत्र कमी. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या तर पाण्याचा ताण किंवा खताचे क्षार. शेजारी काळ्या अक्रोडाचं झाड आहे का तेही बघा, त्याच्या मुळांतून येणारं द्रव्य ब्लूबेरीला सोसत नाही. पानं बारकी, द्रोणासारखी वळलेली, झुडूप बुटकं आणि झाडूसारखं झालं असेल तर तो तुडतुड्यांनी पसरणारा रोग असू शकतो. त्याला औषध नाही, असं झुडूप मुळासकट काढावंच लागतं. तुमच्या फोटोंत मला तसं काही दिसलं नाही. आणि हो, ऑक्टोबरात पानं लालबुंद होतील तेव्हा घाबरून मला पत्र लिहू नका. तो त्यांचा शरदातला साज आहे.

तुम्ही विचारलंत, काय फवारू. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह, फवारलं तर पंधरा दिवसांत पानं हिरवी दिसू लागतील. पुढची पालवी पुन्हा पिवळी येईल. दुखणं मातीत आणि औषध पानावर, म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. झाड अगदीच निपचित असेल तर पुढच्या वसंतात तात्पुरता आधार म्हणून एकदा फवारा, पण बरं केल्याचं समाधान त्यात शोधू नका. माती आंबट करायला ओतलेल्या व्हिनेगरचंही तेच, चार दिवसांचा पाहुणा.

आधी माती तपासा. दुकानात मिळणारी दोन काट्यांची स्वस्त मीटर मी तीन घेतली आणि तिन्हींनी एकाच कुंडीचे तीन आकडे सांगितले. ती आता नातवाच्या खेळण्यांत आहेत. रटगर्स विद्यापीठाची माती तपासणी प्रयोगशाळा आहे, आणि तुमच्या काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयात त्याची माहिती मिळेल. वरचा पाचोळा बाजूला सारून सहा-आठ इंच खोलीपर्यंतची माती पाच-सहा ठिकाणांहून घ्या, मिसळा, सावलीत वाळवा. दोन वेगळे नमुने पाठवा: एक भिंतीजवळचा, एक अंगणात पंधरा-वीस फूट लांबचा. अर्जावर पीक म्हणून ब्लूबेरी लिहायला विसरू नका, म्हणजे माती आंबट करायला किती गंधक लागेल ते अहवालात त्या हिशेबानं येईल. माझा अंदाज आहे की दोन नमुन्यांत तुम्हाला ठळक फरक दिसेल. तो दिसला तर पुढचं सगळं सोपं.

कारण मला वाटतं, ही झाडं भिंतीपासून हलवावीत. भिंतीशेजारी राहून माती आंबट करत बसणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं; तुम्ही गंधक घालणार, पाया चुना सोडणार. जुन्या झाडांखाली गंधक घालायचंच असेल तर शंभर चौरस फुटांना एका वेळी पौंडभर, वसंतात एकदा आणि शरदात एकदा, त्याहून जास्त नको. चिकण मातीत त्या गतीनं सामू दोन अंशांनी खाली यायला वर्षं जातील. घाई केली तर काय होतं ते मी करून पाहिलंय. सुरुवातीच्या काळात मी एका झुडपाभोवती मुठीनं गंधक पेरलं, वर पाण्याचा पाइप सोडला, आणि पुढच्या वर्षी तिथे फक्त काड्या होत्या. गंधक स्वतः काही करत नाही. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, त्यांना ऊब आणि वाफसा लागतो, आणि काही महिने लागतात. चिखलात तेच गंधक सडक्या अंड्याचा वास मारत मुळांना विष होतं. अॅल्युमिनियम सल्फेटची पिशवी हायड्रेंजियासाठी मिळते तीही उचलू नका. त्यानं सामू झटकन उतरतो, पण साठणारं अॅल्युमिनियम ब्लूबेरीच्या मुळांना मारक ठरतं.

सप्टेंबर आहे, माती अजून उबदार आहे, म्हणून नव्या जागेची तयारी आताच करा. दिवसाचे सहा-आठ तास ऊन येईल अशी मोकळी जागा निवडा. तुमच्या हिरवळीवर लॉनवाले चुना टाकतात का ते विचारा. या भागात सर्रास टाकतात, आणि तो उताराकडे वाहून येतो. चार फूट रुंद, पंधराएक फूट लांब, जमिनीपासून दहा-बारा इंच उंच गादीवाफा करा. तिथली माती निम्मी, पीट मॉस आणि पाइनच्या सालीचा बारीक चुरा मिळून निम्मा. पीट मॉस आधी पाण्यात भिजवून पिळून घ्या, कोरडं घातलं तर ते पाणी झिडकारत राहतं. अहवालात येईल तेवढं गंधक मिसळा आणि वाफा झाकून हिवाळाभर मुरू द्या. लोणच्यासारखंच आहे, मुरल्याशिवाय उघडायचं नाही.

तोवर भिंतीजवळच्या झाडांना खत नको. आता नत्र दिलं तर कोवळे धुमारे फुटतील आणि पहिल्या हिमात जळतील. राख आणि टरफलं आजपासून बंद. बुंध्यापासून दोन इंच सोडून लाकडाच्या चिपांचं तीन-चार इंच आच्छादन घाला. पाऊस नसेल तर आठवड्याला इंच-दीड इंच पाणी द्या. नळाचं पाणी कठीण असेल तर तेही हळूहळू सामू चढवतं; पन्हळीच्या पाइपाखाली पिंप ठेवा आणि पागोळ्यांचं पाणी वापरा. ज्या पाण्यानं एक झाड बुडवलं तेच बाकीच्यांच्या कामी येईल.

मार्चच्या शेवटी, जमीन मोकळी झाली आणि कळ्या फुगायच्या आत, झुडपं हलवा. मुळं उथळ असल्यानं हे वाटतं तितकं अवघड नाही. दीड-दोन फूट घेराचा आणि फूटभर खोल गड्डा काढा, ताडपत्रीवर ओढत न्या, पूर्वी होतं तेवढंच खोल बसवा, एकमेकांपासून चार-पाच फुटांवर. छाटणी तेव्हाच करा, आणि हात आखडू नका. अंगठ्याहून जाड, करड्या, भेगाळलेल्या फांद्या बुंध्यातून काढा. उरलेल्यांचे शेंडेही कमी करा. शेंड्याकडच्या टपोऱ्या कळ्या फुलांच्या असतात, खालच्या बारीक टोकदार पानांच्या. पुढच्या वसंतात सगळी फुलं खुडून टाका. एक वर्ष फळ नाही. हे सांगितलं की लोक माझ्यावर रुसतात, पण आजारातून उठलेल्या बाईला लगेच पंगतीला वाढायला लावतात का?

पालवी नीट फुटली की मे महिन्यात झाडामागे दोन चमचे अमोनियम सल्फेट, बुंध्यापासून फूटभर लांब गोल पसरून, वर पाणी. जूनच्या मध्यावर पुन्हा एकदा तेवढंच. ब्लूबेरीला नत्र अमोनियमच्या रूपात रुचतं, नायट्रेटच्या रूपात नाही. सामू पाचच्या खाली आला की मात्र अमोनियम सल्फेट थांबवा, नाहीतर झाड दुसऱ्या टोकाला जाईल.

आता उपटायचं का. यजमानांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. वाफा, पीट, गंधक, तपासणी यांचा खर्च आणि तीन वर्षांची वाट यांच्या हिशेबात दुकानातला डबा स्वस्त पडतो, हे खरंच आहे. नर्सरीतून ब्लूक्रॉप किंवा ड्यूक जातीची नवी रोपं आणली तर ती या आजारी झाडांपेक्षा लवकर फळाला येतील. माझ्या मते करपा असलेलं झुडूप कापणीनंतरही मार्चपर्यंत सुधारलं नाही तर काढून टाका. उरलेल्या तिघांपैकी बुंध्यातून यंदा एखादा तरी नवा धुमारा फुटलाय अशीच हलवा. ज्याला दोन वर्षांत एकही नवा फुटवा नाही, त्याच्यावर पीट खर्चू नका. तिन्ही हलवण्याजोगी निघाली तरी एक नवं रोप वेगळ्या जातीचं जोडीला लावा. दोन जाती शेजारी असल्या की फळ मोठं धरतं. आणि खोदताना मुळांसकट एखादा फुटवा सुटून आला तर तो फेकू नका, पीट भरलेल्या कुंडीत लावून ठेवा.

तुमच्या पत्राच्या निमित्तानं पुणे-नाशिककडच्या वाचकांनाही दोन शब्द, कारण ऑनलाइन मागवलेल्या ब्लूबेरीच्या रोपांबद्दल तिकडून विचारणा वाढलीय. न्यू जर्सीत चालणाऱ्या जातींना हिवाळ्यात सात अंश सेल्सिअसखालचे आठशेहून जास्त तास लागतात. पुण्याच्या थंडीत ते जमणार नाहीत. कमी थंडीत येणारी, दक्षिणेकडची म्हणून ओळखली जाणारी जात आहे का हे विक्रेत्याला विचारा, आणि उत्तर गोलमोल आलं तर पैसे वाचवा. दख्खनच्या चुनखडीच्या काळ्या मातीत ती थेट लावूच नका. मोठ्या कुंडीत, पीट किंवा धुतलेलं कोकोपीट आणि झाडाच्या सालीचा चुरा, आणि बोअरवेलऐवजी साठवलेलं पावसाचं पाणी. इतकं करूनही शेंड्याची पानं जाळीदार पिवळी पडली, तर आधी कुंडीचा सामू.

राहता राहिला रविवार. जुने फोटो पाठवण्यामागची माया मला कळते. म्हाताऱ्या माणसाला कशाला वाईट वाटू द्यायचं, असं आपण म्हणतो. पण तुमच्या सासऱ्यांनी उभ्या जन्मात कितीदा लागण फुकट गेलेली, खोडवा करपलेला पाहिला असेल. झाड मरतं हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांना जे मिळत नाहीये ते म्हणजे विचारणं. सहा महिने इथे येऊन त्यांनी एकच काम आपल्या मनानं केलं, आणि त्या कामाबद्दल त्यांना दर आठवड्याला ठेवणीतलं उत्तर मिळतंय. एकाच उन्हाळ्यातले फोटो त्यांनी ओळखले नसतील, असंही मला वाटत नाही.

येत्या रविवारी पिवळं पान तोडून कॅमेऱ्यासमोर धरा. “बाबा, हे बघा हो, हे काय झालंय?” एवढंच विचारा. ते केवडा म्हणतील आणि पाठोपाठ हिराकस (लोहाचं खत) मार, शेणखत घाल असंही म्हणतील, कारण उसाला ते लागू पडतं. तेव्हा त्यांना राखेचं आणि भिंतीच्या चुन्याचं सांगा, आणि शेणखत इथे का नको तेही. चुनखडीचं रान म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. मग नव्या वाफ्याची जागा फोनवर फिरवून दाखवा आणि पाणी कुठून कुठे वाहतं ते त्यांनाच ठरवू द्या. उताराच्या बाबतीत माझ्यापेक्षा त्यांचं ऐका.

मातीचा अहवाल आला की दोन्ही आकडे मला कळवा. गंधकाचा हिशेब आपण एकत्र बसवू.